शब्दचर्चा : ‘हार्ट-सेंटर्ड लीडरशिप’ला आपल्याकडं काय म्हणायचं?

वाळूजकर : वाळूज-चिकलठाण्याच्या लहान कारखानदारांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. ‘हार्ट-सेंटर्ड लीडरशिप’ म्हणजे माणसांची मनं ओळखून काम चालवणं, त्यासाठी पत्रिकेवर ‘संस्थापकांसाठी हृदयकेंद्री नेतृत्व’ छापायचं चाललंय. शब्द खटकतो, पण दुसरा सापडत नाही. आत माहितीपत्रकही द्यायचंय, तेव्हा नुसता शब्द नको, तो कामात कसा उतरतो तेही सांगा.

शब्दवेडा, जालना : ‘हृदयकेंद्री’ वाचलं की अँजिओप्लास्टीच्या दवाखान्याची पाटी दिसते. ‘संस्थापक’ तर आणखी अवघड. आपल्याकडं संस्थापक म्हणजे शाळा-कॉलेज नाहीतर पतसंस्था काढणारा. रोलिंग मिल काढणारा मालकच असतो, शेतावर धनी, मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) शेठ. आणि ‘नेतृत्व’ म्हटलं की चौकातलं बॅनर. सरळ ‘मालकांसाठी’ लिहा.

दक्खनी : हृदय हा शब्द मराठी बोलण्यात फारसा चालत नाही. काळीज चालतं, पण ते धाडसाकडं आणि मायेकडं झुकतं. माणसामाणसांतल्या व्यवहारासाठी आपण फारसीतलं ‘दिल’ घेतलं : दिलासा, दिलदार, दिलजमाई, दिलखुलास. दिलजमाईचा मूळ अर्थ मन एकवटणं, निश्चिंत होणं. मराठीत तो समेटावर आला.

माझी शिफारस मात्र ‘कदर’. अरबी ‘कद्र’मध्ये किंमत आहे तसंच मोजमापही आहे, आणि हेच कामाचं. ‘छान काम करता तुम्ही’ ही शाबासकी झाली. ‘मंगळवारी डाय (साचा) बदलताना तुम्ही आधी क्लॅम्प (पकड) तपासला, म्हणून तुकडे बाद झाले नाहीत’ ही कदर. कोणतं काम, कधी केलं, त्यानं काय झालं, हे तिन्ही त्यात पाहिजे. एक गळालं की ऐकणाऱ्याला ते खूश करण्यापुरतं वाटतं.

मोंढा, लातूर : ‘दिलदार’ पत्रकात घालू नका. दिवाळीला बोनस दिला की मालक दिलदार ठरतो. बोनसचा कायदा लागू असलेल्या कारखान्यात पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा हक्क आहे, त्यात दिलदारी कसली? त्याहून जास्त, स्वतःहून दिलं तर म्हणा.

तसाच ‘मदत’ हा शब्द. लग्नाला-दवाखान्याला मालक पैसे देतो आणि पगारातून कापतो, त्याला आपल्याकडं उचल म्हणतात. ऊसतोडीत उचल माणसाला किती बांधून टाकते ते बीड जिल्ह्याला सांगायला नको. तेव्हा ‘मदत’ या नावाखाली उचल देऊ नये. १२,००० दिले तर चिठ्ठीवर लिहावं : २,०००चे ६ हप्ते, पहिला कधी, शेवटचा कधी, मधेच काम सोडलं तर काय. चिठ्ठीच्या दोन प्रती, एक कामगाराकडं. तोंडी ठेवलं की वर्षानं आकडा दोघांच्या डोक्यात वेगळा असतो आणि मग ‘मी तुझ्या अडचणीला धावलो’ हे वाक्य निघतं.

गोदाकाठ : तुम्ही सगळे नाम शोधताय. मराठी हे काम क्रियापदानं करते, आणि ‘मन’ धरून करते. चार जोड्या बघा.

मनावर घेणं आणि मनाला लावून घेणं. कामगार म्हणाला, ‘रात्रपाळीला पाणी नसतं.’ मनावर घेणारा मालक ती गोष्ट त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवतो, तारीख देतो आणि त्या तारखेला उत्तर देतो. उत्तर ‘जमत नाही’ असलं तरी देतो, कारणासकट. मनाला लावून घेणारा म्हणतो, ‘एवढं करून तुम्हाला कमीच.’ पुढच्या महिन्यात तक्रार येत नाही आणि त्याला वाटतं सगळं सुरळीत आहे. नव्या मालकाची सगळ्यात मोठी फसगत इथं होते, कारण कारखाना त्यानं स्वतःच्या हातानं उभा केलेला. कारखान्याला लागलेला शब्द त्याला अंगाला लागल्यासारखा वाटतो.

मनात ठेवणं आणि मनात धरणं. पहिल्यात विश्वासानं सांगितलेलं गुपित राहतं, दुसऱ्यात डूख. एका क्रियापदाचा फरक.

मन राखणं आणि मन मोकळं करू देणं. मन राखणारा मालक सुपरवायझरची चूक सांगतच नाही, ती ग्राहकाकडून परत येते. मोकळं करू द्यायचं तर पंधरा दिवसांतून एकदा, एका माणसाला अर्धा तास, केबिनच्या बाहेर, फोन दुसऱ्याकडं देऊन. पहिली दहा मिनिटं मालकानं फक्त विचारायचं. लगेच उपाय सुचवायला लागला की समोरचा ‘बरं साहेब’ म्हणून गप्प होतो.

चौथी जोडी, मन घालणं आणि मन मारणं, ती मालकाच्या स्वतःच्या बाबतीत. पत्रकात आत्मविकासाचं प्रकरण असेल तर ही जोडी त्यात बसवा.

शब्दवेडा, जालना : जोड्या पत्रकात घ्याच. एक सूचना : ‘आपण एक कुटुंब’ हे वाक्य कुठं येऊ देऊ नका. कुटुंबात हजेरीपट नसतो, म्हणून तो शब्द बहुतेक वेळा जादा कामाच्या पैशाची वेळ आली की निघतो. जादा कामाला कायद्यानं दुप्पट दर आहे. लहान युनिटात पगार ७ तारखेच्या आत व्हायला हवा. हे होत नसेल तर मनाच्या गोष्टी ऐकून लोक हसतील.

वाळूजकर : पटलं. पण पत्रिकेच्या मथळ्याला एक शब्द लागणारच.

दक्खनी : मग ‘मुरब्बी’ घ्या. आज आपण तो मुरलेला, अनुभवी या अर्थी वापरतो आणि ‘मुरणे’शी त्याचं नातं लावतो. पण तो अरबीतून आलाय, अर्थ संगोपन करणारा, वाढवणारा. जुन्या मराठीत पाठीराखा, आश्रयदाता असा वापर आहे. मुरंबाही त्याच धातूचा. माणसं वाढवणारा आणि स्वतः मुरत गेलेला, दोन्ही एका शब्दात आले.

मोंढा, लातूर : मोंढ्यात ‘मुरलेला गडी’ म्हणजे पोहोचलेला, हातावर तुरी देणारा. तो वास मुरब्बीला येईल का?

दक्खनी : मुरलेल्याला येतो, मुरब्बीला तेवढा नाही. तरी मथळ्याखाली एक ओळ टाका : ‘मुरब्बी मालक : माणसं वाढवण्याचं काम’.

गोदाकाठ : पापड-मसाल्याचे उद्योग चालवणाऱ्या बाया येणार असतील तर ‘मालक’ अडेल. मालकीण म्हटलं की लोक मालकाची बायको समजतात. ‘मुरब्बी’ला लिंगभेद नाही, तो तसाच ठेवून पुढं ‘उद्योजक’ लावा.

वाळूजकर : नोंदणीत बाया आहेत. ‘मुरब्बी उद्योजक’ छापायला देतो.