शब्दचर्चा : ‘तर्क’, ‘चौकट’ आणि ‘जैसे थे’

रामबागकर :
आमच्या इंदूरच्या गल्लीतल्या गणपतीत यंदा अकरावी-बारावीच्या मुलांपुढे अर्धा तास बोलायचंय. विषय जॉन मॅकार्थी, म्हणजे ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव १९५५च्या प्रस्तावातून पुढे आणणाऱ्यांपैकी मुख्य माणूस. दोन शब्दांशी अडलोय. रीझनिंगला ‘तर्क’ लिहिलं, तर आईनं कागद वाचून विचारलं, “म्हणजे तुझा रोबो नुसता अंदाज बांधतो होय?” दुसरा शब्द ‘फ्रेम प्रॉब्लेम’. मी ‘चौकटीची समस्या’ केलंय, पण ते सुताराकडचं काम वाटतं.

लोकमान्यनगर :
आई बरोबर बोलल्या. मराठीत तर्क बांधतात, लढवतात, आणि वाकड्यात शिरला की त्याचं तर्कट होतं. इकडे आपण पोरांना “उगाच तर्क देऊ नकोस” म्हणतो, ते हिंदीचं. गंमत ‘अनुमान’ची आहे. हिंदीत ‘खर्चाचं अनुमान’ म्हणजे अंदाज. पण न्यायशास्त्रात धूर दिसला म्हणून डोंगरावर आग आहे, हे अनुमान, आणि ते प्रमाण, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाचं साधन, मानलेलं. तिथे तर्क सोळा पदार्थांत, म्हणजे त्या शास्त्राच्या सोळा विषयांत, आहे, पण प्रमाणांत नाही. तो प्रमाणाच्या मदतीला येतो. तेव्हा शास्त्राचं नाव ‘तर्कशास्त्र’ रूढ आहे ते राहू दे, रोबो जे करतो त्याला ‘अनुमान काढणं’ म्हण.

पुणे-३० :
‘तर्क देणे’ मराठीत चालणार नाही, हे कुणीतरी म्हणालं ते बरं झालं. ‘यंत्रमानव’ लिहिणार असाल तर तोही टाळा. कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून ‘रोबोट’ जगभर गेला, त्याच्या मुळाशी चेक भाषेतला ‘रोबोटा’ आहे, म्हणजे आपली वेठ. मानव त्यात कुठे आला?

सिमरोलची बस :
काका, नमस्कार. मी रोबोटिक्स शिकते. चौकट नकोच, कारण ती दुसऱ्याच गोष्टीला लागेल. मार्विन मिन्स्की यांनी १९७४मध्ये ‘फ्रेम’ म्हणून एक कल्पना मांडली. वाढदिवस म्हटलं की केक, भेटवस्तू, खेळ हे सगळं डोक्यात आधीच मांडलेलं असतं, तो साचा. त्याला चौकट शोभते. मॅकार्थी आणि पॅट्रिक हेज यांच्या १९६९च्या लेखातला ‘फ्रेम प्रॉब्लेम’ निराळा आहे.

समजा, पोह्यांची कढई गॅसवरून उचलून ओट्यावर ठेवली. बदललं काय? कढईची जागा. पण तर्कशास्त्राच्या भाषेत एवढंच लिहिलं तर जिरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, डबी अजून फडताळात आहे, हे सिद्धच होत नाही! शेव बशीत आहे, खिडकी उघडी आहे, तेही नाही. मग एकेक लिहीत बसा : कढई हलवल्यानं डबी हलत नाही, कढई हलवल्यानं खिडकी मिटत नाही. त्यांचं स्वतःचं उदाहरण फोनचं होतं. माणसाकडे फोन असेल, तर डिरेक्टरीत नंबर पाहिल्यावरही तो त्याच्याकडेच राहतो, हे त्यांना वेगळं लिहावं लागलं. दहा क्रिया आणि पन्नास गोष्टी असल्या, तर पाचशेपर्यंत वाक्यं, आणि सगळी ‘काही झालं नाही’ एवढंच सांगणारी.

अमेरिकेत १९६६ ते १९७२ या काळात ‘शेकी’ नावाचा रोबो होता. चाकांवर चालायचा आणि थरथरायचा, म्हणून शेकी. (पुणेकरांचं बरोबर आहे, मानव कुठेच नाही.) त्याच्यासाठी फाइक्स आणि निल्सन यांनी १९७१मध्ये सोय काढली. प्रत्येक क्रियेला दोन याद्या : काय नव्यानं खरं झालं आणि काय खरं राहिलं नाही. यादीत नाही ते आहे तसंच.

लोकमान्यनगर :
अगं बेटा, मग हे ‘जैसे थे’ झालं! तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, हाच तर आदेश. म्हणजे इथे हिंदीत लिहायचो ‘यथास्थिति’. ‘जैसे थे’ मराठी पेपरात वाचायचो.

पुणे-३० :
‘जैसे थे’ हिंदी नाही का?

लोकमान्यनगर :
रूप हिंदीच. कवायतीत “जैसे थे!” ऐकलं असेल. पण कोर्टात त्याला मराठीनंच ठेवून घेतलंय. हिंदी शब्द पुण्यानं वापरला की मराठी, इंदूरनं वापरला की चूक, असं नका करू.

सिमरोलची बस :
शब्द आवडला, एक अडचण आहे. कोर्ट बजावतं, हलवू नका. इथे कुणी बजावत नाही, आपण नुसतं धरून चालतो, आणि उलट कळलं की सोडून देतो. रेमंड रायटर यांचं १९८०चं डीफॉल्ट लॉजिक याचंच. पक्षी म्हटला की उडतो धरायचं, शहामृग म्हटलं की सोडायचं. नेहमीच्या तर्कशास्त्रात माहिती वाढल्यानं आधीचा निष्कर्ष कधी मागे घ्यावा लागत नाही, इथे घ्यावा लागतो. ‘डीफॉल्ट’ला ‘धरून चाललेलं’ म्हटलं तर? ‘गृहीतक’पेक्षा मुलांना लवकर कळेल.

रामबागकर :
लिहिलं : “कढई हलली, बाकी सगळं जैसे थे धरून चालायचं.” आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “डबी फडताळात नाहीये, काल मावशी घेऊन गेली.” हे उदाहरणही घेतोय. आता एकच : ‘जैसे थेचा प्रश्न’ की ‘जैसे थे’ प्रश्न?

लोकमान्यनगर :
दुसरं. ‘जैसे थे’ला प्रत्यय लावलेला कानाला खटकतो. ‘जैसे थे’ आदेश, तसा ‘जैसे थे’ प्रश्न. अवतरणचिन्हं मात्र ठेव, नाहीतर मुलं विचारतील कोण होते.