हिमालयन ४११ ला स्वस्तातल्या ॲल्युमिनियम पेट्या: काय बघून घ्यायच्या?

प्रश्न: मंडळी, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ बाईकला मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या ॲल्युमिनियम पेट्या लावायच्यात. बजेट बेताचं. पत्रा किती जाड हवा? सायलेन्सरकडची बाजू कशी जमवायची?

प्रतिसाद १: दादा, १.५ मिमी पत्रा पुरतो, पण कोपऱ्यांचं वेल्डिंग बघाच. पेटीत दोन मग पाणी ओतून कोरड्या फरशीवर ठेवा. पाझरली तर परत करा. पैसे पेटीत वाचवा, पेट्या ज्यावर बसतात त्या फ्रेममध्ये नको. डाव्या-उजव्या फ्रेमला मागून जोडणारी आडवी पट्टी नसेल तर खड्ड्यांत फ्रेम आतबाहेर हलते आणि वेल्डिंगपाशी तडा जातो.

प्रतिसाद २: ४११ चा सायलेन्सर उजवीकडे वर आलेला असतो, म्हणून उजवी पेटी अरुंद घ्या. सगळे बोल्ट आधी हातानेच अर्धवट लावा, फ्रेम सरळ बसली की मग आवळा. एकेक पक्का करत गेलात तर शेवटचं भोक जुळत नाही. निळं थ्रेडलॉक (हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) वापरा, १०० किमीनंतर पाना फिरवून बघा.

प्रतिसाद ३: स्टील बोल्टखाली नायलॉन वॉशर हवाच, नाहीतर कोकणच्या खाऱ्या हवेत भोकाभोवती पांढरी भुकटी धरते. कपडे आतल्या बॅगेतच ठेवा. ॲल्युमिनियम घासून निघणारी काळी पूड सहज धुऊन जात नाही.