सदरलँड आडनाव दक्षिणेतलं का?

पेडण्याचा पाव्हणा: आमच्या हणजुण्यातल्या गेस्टहाऊसला एक स्कॉटिश आजोबा उतरलेत, आडनाव सदरलँड. नावात इंग्रजी 'सदर्न' (दक्षिणेकडचा) ऐकू आलं, म्हणून मी आपलं सहज म्हटलं म्हणजे तुम्ही दक्षिणेकडचे, तर ते हसायलाच लागले, म्हणे आमचा भाग स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला. हे कसं काय? कोणाला माहितीय?

नकाशावेडा: नाव स्थानिकांनी दिलंच नाही ना! स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्कनी बेटं आणि ईशान्य टोकाचा केथनेस इथे नॉर्स (व्हायकिंग) लोकांचं राज्य होतं, त्यांच्या दक्षिणेला हा मुलूख, म्हणून त्यांनी सुद्रलँड म्हटलं, म्हणजे दक्षिण भूमी. १३ व्या शतकात तिथे अर्ल (सरदार) आले, त्यांच्या घराण्याने मुलखाचंच नाव लावलं. मरे आडनावही असंच, मोरे या प्रांतावरून. (आपल्या मोरेंचा काही संबंध नाही हां.)

डिचोलीकर: म्हणजे आपल्या पेडणेकर, मांद्रेकरसारखंच की. पण म्हणून सगळे सदरलँड एका रक्ताचे समजू नका, सरदाराच्या आश्रयाला असलेली कुळंही त्याचंच आडनाव लावायची.

नकाशावेडा: बरोबर. आणि १९ व्या शतकाच्या सुरुवातीला जमीनदारांनी मेंढ्या पाळायला तिथली गावंच्या गावं उठवली, काही लोक किनाऱ्यावर आले, काही थेट कॅनडाला गेले, तिथल्या किल्डोनन भागातले लोक रेड नदीकाठी म्हणजे आत्ताच्या विनिपेगला पोचले. त्यामुळे हे आडनाव तिकडेही सापडतं.

पेडण्याचा पाव्हणा: भारीच! आजोबांची आत्या विनिपेगलाच होती म्हणे, उद्या चहाला विचारतो.