परदेशी खरेदीदाराचा फोन आल्यावर आधी कोणी बोलावे आणि काय?

दिंडोरीची द्राक्षे

आमच्या पॅकहाउसमधून जानेवारी ते एप्रिल या हंगामात द्राक्षांचे रीफर (आत थंडावा राखणारे) कंटेनर नेदरलँड्स आणि जर्मनीला जातात. एरवीचे बोलणे ईमेल आणि व्हॉट्सअॅपवर होते. पण माल नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात उतरल्यावर देठ वाळल्याची, मणी गळाल्याची किंवा सड दिसल्याची तक्रार असली, की खरेदीदार थेट कार्यालयाच्या फोनवर येतात. तिकडे सकाळचे ९ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचा दीड झालेला असतो, म्हणजे नेमकी डबे उघडायची वेळ. मग फोनजवळ जो बसलेला असेल तो घास तोंडात ठेवूनच "हां, बोला" किंवा "कोण बोलतंय?" म्हणतो. इंग्रजी उत्तम येणारी मुलेसुद्धा नुसते "हॅलो" म्हणून थांबतात, पलीकडचा माणूसही थांबतो, आणि संभाषण सुरू होण्याआधीच अवघडते. एका डच खरेदीदाराने तर मला स्पष्टच सांगितले, की आपला फोन योग्य ठिकाणी लागला आहे की नाही, हे त्याला पहिल्या वाक्यावरून कधीच कळत नाही.

प्रत्येक देशासाठी वेगळे वाक्य शिकवणे मला शक्य नाही आणि कॉल सेंटरसारखी पोपटपंचीही नको आहे. फोन उचलताना स्वतःचे नाव सांगावे का, आणि बोलणे संपल्यावर फोन आधी कोणी ठेवावा, याबद्दल प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

गंगापूर रोड

नोकरीनिमित्त काही वर्षे जर्मनीत राहिलो असल्याने तुमच्या खरेदीदाराची अडचण मला चांगली समजते. तिथे घरचा फोनसुद्धा आडनाव सांगून उचलण्याची रीत आहे. समजा, जोशींच्या घरी फोन वाजला तर उचलणारा फक्त "जोशी" एवढेच म्हणेल आणि त्यात कोणाला तुसडेपणा वाटणार नाही. डच माणूस "मेत" म्हणून पुढे आपले नाव जोडतो, आणि फोन करणाराही लगेच स्वतःचे नाव सांगतो. तरुण मंडळी मोबाइलवर आता नुसते "हालो" म्हणतात हे खरे, परंतु कार्यालयाच्या फोनवर संस्थेचे नाव आणि उचलणाऱ्याचे नाव दोन्ही अपेक्षितच असतात.

इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६८ साली टेलिफोनवरील संभाषणांच्या सुरुवातीचा बारकाईने अभ्यास केला होता. त्याचे म्हणणे असे, की फोनची घंटा हीच हाक असते आणि उचलणाऱ्याचा पहिला शब्द हा त्या हाकेला दिलेला प्रतिसाद असतो. म्हणून फोन करणारा गरजू असला, तरी पहिले बोलणे उचलणाऱ्याच्याच वाट्याला येते. हा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच आढळतो. फरक पडतो तो ओळख कोणी आधी द्यायची यात, आणि आपण ते काम फोन करणाऱ्यावर टाकून मोकळे होतो. आपल्या "कोण बोलतंय?" मध्ये उद्धटपणा मुळीच नसतो, पण ज्याला उचलणाऱ्याच्या नावाची सवय आहे, त्याला तो चौकीदाराचा प्रश्न वाटतो.

ट्रंक बुकिंग

टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून सारी नोकरी झाली, त्यामुळे आपल्या लोकांच्या वतीने थोडे बोलतो. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात एकच फोन असायचा आणि त्यावर निम्म्या आळीचे निरोप यायचे. उचलणारा माणूस आणि हवा असलेला माणूस बहुधा वेगळेच असत, तेव्हा स्वतःचे नाव सांगून काय साधणार? "कोण पाहिजे?" हाच कामाचा प्रश्न होता. ट्रंक कॉलला, म्हणजे ऑपरेटरमार्फत परगावी लावायच्या फोनला, तर तीन मिनिटांचा हिशेब. ठरावीक माणूस मिळाला तरच जोडायचा तो पीपी कॉल. त्यासाठी वाड्यातले पोर धावत जाऊन त्या गृहस्थांना बोलावून आणायचे, आणि आम्ही दोन्हीकडची लाइन सांभाळत बसायचो. तीन मिनिटे भरली की आमचा आवाज मध्येच यायचा, "वाढवायचे का?" अशा वेळी नमस्कार-चमत्कारात पैसे कोण घालवील?

मुळात "हॅलो" ही तरी कुठे उपजत चाल आहे? अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना "अहॉय" ही खलाशांची हाक पसंत होती. "हॅलो"चा आग्रह थॉमस एडिसन यांचा, आणि त्यांचे १८७७ सालचे तसे पत्र उपलब्ध आहे. इटलीत "प्रोंतो" म्हणतात, मेक्सिकोत "ब्वेनो", तर रशियात बरेच जण "मी ऐकतो आहे" अशा अर्थाचा शब्द उच्चारून थांबतात. आपल्या राज्यात २०२२ साली शासन निर्णय निघाला, की सरकारी कर्मचाऱ्यांनी "हॅलो"ऐवजी "वंदे मातरम्" म्हणावे. त्यावर चर्चा पुष्कळ झाली, पण कार्यालयाचे नाव आधी सांगावे यावर मात्र कोणी फारसे बोलले नाही. माझ्या मते तक्रारदाराला त्याचा उपयोग अधिक झाला असता.

सातपूरकर

आमचा लहान कारखाना जपानी कंपन्यांना सुटे भाग पुरवतो. तिथल्या कार्यालयांत तीन घंटांच्या आत फोन उचलण्याचा दंडक असतो आणि उशीर झाला तर आधी "आपल्याला थांबायला लागले" म्हणून दिलगिरी व्यक्त केली जाते. "मोशी मोशी" हे घरगुती बोलणे. कामाच्या फोनवर थेट कंपनीचे नाव येते.

मला सर्वांत शिकण्यासारखे वाटले ते वेगळेच. बाहेरच्या माणसाशी बोलताना जपानी कर्मचारी स्वतःच्या वरिष्ठाचा उल्लेख आदरार्थी "सान" न लावता, नुसत्या आडनावाने करतो, कारण त्या क्षणी मान ग्राहकाचा असतो. आपल्याकडे याच्या नेमके उलटे घडते. ग्राहक कितीही मोठा असो, त्याला ऐकवले जाते, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, नंतर करा." वरिष्ठांचा एकेरी उल्लेख मराठीत शोभणार नाही आणि तसा तो करूही नये, मात्र "नंतर करा" हे शब्द कार्यालयातून हद्दपार व्हायला हवेत. निरोप लिहून घ्यावा, परत फोन कधी येईल ते सांगावे. फोन ठेवण्याबाबत तिथला साधा संकेत असा, की ज्याने केला त्याने आधी ठेवावा. पण पलीकडे ग्राहक असेल, तर त्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. आपल्या "बरं… ठेवू मग? ठेवतो हं" या लांबलचक निरोपाचा त्यांना त्रास होत नाही. बोलणे चालू असताना खटकन फोन बंद होणे मात्र त्यांना अपमानास्पद वाटते.

लासलगाव मार्केट

ताई, वरील सल्ला युरोपसाठी योग्य आहे, पण तो सरसकट लागू करू नका. आम्ही कांदा दुबईकडे पाठवतो. तिथल्या अरब व्यापाऱ्याचा फोन आला, की सलाम, तब्येतीची विचारपूस, मुलाबाळांची खुशाली हे सारे झाल्याशिवाय भावाचा विषय काढत नाहीत. आमच्या एका हुशार मुलाने नाव सांगून पुढच्याच वाक्यात दर विचारला, तेव्हा समोरचे गृहस्थ एकदम कोरडे झाले. शिवाय शुक्रवारी दुपारनंतर तिकडे कामाचा फोन करू नये.

दुसरे असे, की नाव सांगण्याचा नियम कार्यालयाच्या फोनपुरताच ठेवा. स्वतःच्या मोबाइलवर अनोळखी क्रमांक आल्यास पूर्ण नाव सांगण्याची सवय मुलांना लावू नका. केवायसीच्या आणि डिजिटल अरेस्टच्या नावाखाली फसवणारे एवढे फोन येतात, की तिथे "कोण बोलतंय?" हाच शहाणपणाचा प्रश्न आहे.

दिंडोरीची द्राक्षे

सर्वांचे आभार. नमस्कार, मग पॅकहाउसचे नाव, मग उचलणाऱ्याचे पहिले नाव, एवढे एकच वाक्य फोनशेजारच्या भिंतीवर लावायचे ठरवले आहे. सोबत निरोपाची वही राहील, आणि त्यात कंटेनर क्रमांकाचा रकाना असेल. एक शंका उरली. आमचे जुने सुपरवायझर काका प्रत्येक फोन "राम राम" म्हणून उचलतात आणि बागायतदारांना ते फार आवडते. त्यांनाही हे वाक्य सक्तीचे करावे का?

गंगापूर रोड

मुळीच नको. बागायतदारांसाठी आणि खरेदीदारांसाठी क्रमांक वेगळे करा आणि काकांच्या फोनला हात लावू नका. खरेदीदारांच्या फोनवर मात्र दुपारी एकाची बसण्याची पाळी ठरवा, त्याचा डबा तासभर आधी होऊ द्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास पुढे जातात; त्यानंतर त्यांचे ९ म्हणजे आपले साडेबारा, तेव्हा पाळीची वेळही त्याच सोमवारपासून बदला.