मोठ्या बाबांना पत्र : तीर्थरूप की तीर्थस्वरूप?

पुतणी, दर्यापूर तालुका : भावाच्या लग्नाची पत्रिका मोठ्या बाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, पाठवायची आहे, सोबत हातानं लिहिलेलं पत्र. मोबाइलवर पाठवलेली पत्रिका त्यांच्या हिशेबी आमंत्रणच नाही. तीर्थरूप लिहू की तीर्थस्वरूप? आणि घरी आम्ही त्यांना 'तुमी' म्हणतो, ते पत्रात 'आपण' करावं का?

निवृत्त मास्तर, अकोट : ताई, शाळेत शिकवतात तो संकेत असा : तीर्थरूप हे जन्मदात्या आईवडिलांना, त्यांच्या ठिकाणी मानलेल्या काका, मामा, सासऱ्यांना तीर्थस्वरूप. पण आपण ज्यांना मोठे बाबाच म्हणतो, त्यांना बाबांच्या रांगेतून उठवायचं कशाला? बेधडक तीर्थरूप लिहा. धाकधूक वाटली तर नुसतं 'ती.' लिहा, त्यात दोन्ही मावतात.

मात्र पत्रलेखनाच्या पुस्तकातलं 'ती. काकांस' उतरवू नका. आपल्याकडे काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. थोरल्याला काका लिहिलं की ते पत्र घेऊन तुमच्या बाबांना फोन लावतील. 'ती. मोठे बाबा व ती. सौ. मोठी आई यांस शि. सा. न.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार, एवढा मायना पुरे. इवायाला, म्हणजे व्याह्याला, पत्र असेल तर शि. सा. न. नको. तो बरोबरीचा, त्याला स. न. वि. वि. : सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मूर्तिजापूरवाला : 'आपण' कायले लिवता? मोठे बाबा वाचतीन अन् म्हनतीन, पोरगी कोनाले लिवते बाप्पा!

मास्तर : खरं आहे. 'तुम्ही' लिहा. अगदीच अडलं तर 'लग्नाला चार दिवस आधी यावे' असं लिहा. 'यावे'त तुम्हीही नाही अन् आपणही नाही. पत्रिकावाले त्यावरच जगतात.

वाचक, वर्धा : आमच्या घरच्या पत्रांत साष्टांग कधीच नव्हता. सुरुवात 'सप्रेम जयभीम', मग मजकूर. हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना देतात, म्हणजे शब्द आपल्याच मुलखातला. मोझरीच्या गुरुदेव सेवा मंडळातली माणसं 'जय गुरु' लिहितात. सोयऱ्यांत जो ज्या वाटेचा, त्याला त्याचाच नमस्कार लिहावा.

पुतणी : आणखी एक. आजोबा नाहीत. प्रेसवाल्यानं आजीच्या नावामागे न विचारता 'गं. भा.' टाकलं आहे.

मास्तर : काढायला सांगा. गंगाभागीरथी मानानं म्हणतात हे कबूल, पण नवरा गेल्याची वर्दी बाईच्याच नावामागे लागते, पुरुषाच्या लागत नाही. 2023च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी हा शब्द वापरण्याचा विचार मांडला, तेव्हाही टीका झालीच. 'श्रीमती' छापा. पण आधी आजीला विचारा. काही म्हाताऱ्यांना गं. भा.च हवं असतं, आणि नाव त्यांचं आहे.

शेवटी 'आपली आज्ञाधारक' नको, ते मुख्याध्यापकांच्या अर्जात शोभतं. 'तुमची' आणि खाली घरचं नाव. पाकिटावर मात्र 'ती.' टाकू नका. तिथं श्री., पूर्ण नाव, मु. पो., ता., जि. आणि पिन कोड. पोस्टमनचे ते मोठे बाबा नाहीत.