आईचं ईआरचं (इमर्जन्सी रूमचं) बिल – कुणी कमी करून घेतलंय का?

मंडळी नमस्कार, आई इकडे अमेरिकेत आलीये, मागच्या महिन्यात रात्री चक्कर येऊन पडली म्हणून ईआरला नेलं, सीटी स्कॅन, ईसीजी, सलाइन करून पहाटे घरी सोडलं. आता ६,८०० डॉलरचं बिल आलंय. व्हिजिटर इन्शुरन्सवाले म्हणतात बीपी आधीपासूनचं, आम्ही देणार नाही. ह्यांचं म्हणणं क्रेडिट कार्डावर भरून टाकू, कटकट नको.

---

> क्रेडिट कार्डावर भरून टाकू

अगं अजिबात नको! एकदा कार्डावर गेलं की देणं बँकेचं, वर व्याज, मग घासाघीस कुणाशी करणार? आधी आयटमाइज्ड (एकेक खर्च वेगळा दाखवणारं) बिल माग, सीपीटी कोडसकट (प्रत्येक तपासणी-उपचाराचा ठरलेला नंबर). माझ्या सासऱ्यांच्या बिलात सलाइनचे पैसे दोनदा लावले होते, तारीख तीच, वेळ तीच, दाखवल्यावर मुकाट्याने काढले. मग त्या कोडचा कॅश रेट (इन्शुरन्सशिवायचा भाव) हॉस्पिटलच्या साइटवर शोध, २०२१ पासून त्यांना टाकावाच लागतो (फाइल एवढी अवाढव्य की लॅपटॉप रडतो). तो आकडा धरून विचार, एकरकमी दिले तर किती घ्याल. पहिल्या फोनला नाहीच म्हणतात, फोनवरच्या बाईच्या हातात काही नसतं, सुपरवायझर माग. आणि हॉस्पिटल नॉनप्रॉफिट असेल तर फायनान्शियल असिस्टन्सचा (बिलात सवलतीचा) फॉर्म भर, पहिल्या बिलापासून २४० दिवस अर्ज घ्यावा लागतो. पाहुण्यांना चालतं का ते त्यांच्या पॉलिसीत बघ, प्रत्येकाची वेगळी असते. डॉक्टरचं बिल वेगळं येईल बहुतेक, दचकू नकोस.

---

वहिनी, गोळ्यांचंही बघा. फार्मसीत आधी विचारायचं, इन्शुरन्स न लावता किती? कधीकधी कोपेपेक्षा (इन्शुरन्स लावूनही आपल्याला भराव्या लागणाऱ्या रकमेपेक्षा) कमी निघतं, पण आपण विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही. पूर्वी काही करारांमुळे फार्मासिस्टला हे सांगायची बंदीच असायची, २०१८ च्या कायद्याने ती गेली. गुडआरएक्सचं (औषधांवर सवलत देणारी साइट) कूपनही दाखवा, एकाच गोळीचे दोन दुकानांत दोन भाव असतात. फक्त कूपनने घेतलेलं डिडक्टिबलमध्ये (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायच्या रकमेत) सहसा धरत नाहीत, तुमच्या आईंना तो प्रश्न नाही म्हणा.

---

काकू, भाऊजी, थँक्यू. आज ३५ मिनिटं होल्डवर होते, आईने तेवढ्यात दोन चहा केले. आयटमाइज्ड बिल पोस्टाने येणार, तोवर कलेक्शनला (वसुलीवाल्यांकडे) पाठवू नका म्हटलं तर फोनवरची बाई हो म्हणाली, तिचं नाव नि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवलीये. ह्यांनी कार्ड परत पाकिटात ठेवलंय.