कोल्हापूरच्या गुजरीत (सराफ बाजारात) दुकानाच्या दारावर "बुरखा काढून आत यावे" पाटी लावायचं चाललंय, बरोबर वाटतंय का?

गुजरीकर:
मी गुजरीत एका सराफाकडं काउंटरला आहे. गेल्या महिन्यात एक अंगठी गेली, सीसीटीव्हीत बघितलं तर बाईनं स्कार्फनं तोंड बांधलेलं, वर गॉगल, म्हणजे बुरखा नव्हताच. पण मालकांनी पाटी करायला टाकली ती "बुरखा काढून आत यावे" म्हणून. आमच्याकडं कितीतरी मुस्लिम बायका लग्नाचं सोनं घ्यायला येतात, ठुशीपासून सगळं, उद्या ही पाटी वाचून दारातनंच माघारी जातील. मालकांना कसं सांगू?

पंचगंगा घाट:
काय लगा, चोरी केली स्कार्फवालीनं आणि पाटी बुरख्याला? आमची पोरगी गाडीवरनं कॉलेजला जाताना असं तोंड बांधती की शेजारनं गेली तरी मी बाप असून ओळखत नाही. नियम करायचा तर सगळ्यांना एकच करा की, हेल्मेटवाल्यांना पण.

एकच नंबर:
फ्रान्समध्ये रस्त्यावर, सार्वजनिक ठिकाणी तोंड झाकायला 2011 पासून बंदी आहे, 150 युरोपर्यंत दंड. स्वित्झर्लंडमध्ये 2021 ला लोकांनी मतदान केलं आणि 2025 पासून कायदा लागू. आपल्याकडंच सगळ्यांना सांभाळून घ्यायचं का?

बिंदू चौकातली:
@एकच नंबर, स्वित्झर्लंडला ते जेमतेम 51 टक्क्यांनी पास झालं, तेवढं पण लिहा. मी स्वतः नकाब घालते (डोळे सोडून तोंड झाकतो तो), माझी नणंद नुसता हिजाब, सासूबाईंनी आयुष्यभर साडीचा पदर घेतला. हिजाबात तोंड उघडंच असतं हो, 2022 चं कर्नाटकातल्या उडुपीच्या कॉलेजचं प्रकरण हिजाबाचं, त्यात तोंड झाकण्याचा विषयच नव्हता (आणि सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही), पण लोक सगळं एकाच पोत्यात भरतात. मतदानाला गेलं की बाई कर्मचारी आडोशाला चेहरा बघते, कार्डाशी जुळवते, शाई लावते, झालं. आणि सोनाराकडं तर काय, कानातलं घालून आरशात बघायचं म्हटलं की नकाब वर करावाच लागतोय! समोर बाप्यांचा घोळका नको, एवढंच.
जबरदस्ती होते का, तर काही घरांत होते, नाही म्हणत नाही. माझ्या मैत्रिणीला कॉलेजला पाठवलं ते नकाबाच्या अटीवरच. आता रस्त्यावर बंदी आणली तर तिच्या घरचे नकाब सोडतील का कॉलेज सोडवतील, तुम्हीच सांगा.

जुना मास्तर:
मी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंच्या बाजूचा माणूस, तोंड झाकायची प्रथा जावी असंच मला वाटतं, आणि ते मत बदललेलं नाही. पण ताईंच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. शाहू महाराजांनी 1906 ला इथं मुस्लिम बोर्डिंग काढलं ते पोरं शिकावीत म्हणून, आता पोरी शिकायलाल्यात तर त्यात खोडा नको.

एकच नंबर:
दुकानाचं ठीक आहे. रस्त्याचं मला पटत नाही अजून.

गुजरीकर:
मालकांना सगळं वाचून दाखवलं. नवी पाटी अशी, "हेल्मेट, स्कार्फ, मास्क काढून आत यावे. नकाब असल्यास आतल्या काउंटरला मॅडम आहेत." त्या मॅडम म्हणजे मालकीणबाईच, दुपारी जेवायला घरी जातात तेव्हा काय करायचं ते अजून ठरलं नाही. आणि पहिल्या पाटीचे पैसे माझ्या पगारातनं कापतो म्हणालेत 😅